काय बिघडलं, आणि कशामुळे

नव्या गाडीचं कोटेशन हातात पडतं तेव्हा एक्स-शोरूम किमतीखाली आरटीओ, विमा, फास्टॅग, ॲक्सेसरीज अशा ओळी असतात. त्यांच्यातच कुठेतरी ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ ही एक ओळ असते, १८ टक्के जीएसटी धरून. दहा-पंधरा लाखांच्या हिशेबात तो आकडा लहान दिसतो, त्यामुळे बहुतेक घरांत त्यावर फार चर्चा होत नाही. ज्यांना चर्चा करायची असते ते तीन रकाने मांडतात : किती वर्षं, किती किलोमीटर, किती रुपये. मग चौथा रकाना येतो, कोणकोणते भाग धरले आहेत त्याचा. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसी, टचस्क्रीन. यादी जितकी लांब तितकी योजना भारी, असं समजून सही होते.

ही तुलना करायलाच हवी. पण ती जिथे थांबते तिथून खरा प्रश्न सुरू होतो. वॉरंटीचा कागद नीट वाचला तर त्यात कुठल्याही भागाची हमी दिलेली नसते, एका कारणाची हमी दिलेली असते. साहित्यातला किंवा बनावटीतला दोष, एवढ्या एकाच कारणाने भाग निकामी झाला तर कंपनी तो दुरुस्त करून किंवा बदलून देईल, असं ते वाक्य असतं. पुढची सगळी पानं या एका वाक्याला घातलेल्या अटी असतात. यादीतला भाग बिघडला म्हणजे तो आपोआप फुकट बदलून मिळतो असं नाही. तो कशामुळे बिघडला हे आधी ठरतं आणि मग बिल कोणी भरायचं ते ठरतं. वॉरंटीच्या योजना एकमेकींपासून खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात त्या या ‘कशामुळे’वर, आणि नेमका हाच रकाना कोणत्याही माहितीपत्रकात नसतो.

एक उदाहरण जवळून पाहू. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि आपल्याकडच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी आली. बारीक छिद्रांचा एक ठोकळा असतो, त्यात धुरातली काजळी अडकते. काजळी ठरावीक पातळीपर्यंत साठली की इंजिन स्वतःहून थोडं जास्त डिझेल सोडतं, गाळणीचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतं आणि ती काजळी जाळून टाकतं. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी काही वेळ एका वेगाने, न थांबता चालावी लागते. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर हे काम चालकाच्या नकळत उरकतं. पण तीच गाडी रोज कोथरूडहून शिवाजीनगरला, सिग्नलवर सिग्नल घेत जात असेल, तर गाळणी पुरती तापतच नाही. रिजनरेशन सुरू होतं आणि गाडी बंद झाल्यामुळे अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो, त्याकडे दुर्लक्ष केलं की गाडीची ताकद जाते आणि एके दिवशी ती वर्कशॉपला ओढून न्यावी लागते. नवी गाळणी घालायची वेळ आली तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

आता क्लेम काय होईल? वर्कशॉप म्हणेल, गाडी वापरण्याची पद्धत अशी असल्यामुळे गाळणी तुंबली, यात बनावटीचा दोष नाही, क्लेम बसत नाही. हे म्हणणं बरोबर असू शकतं. पण हीच गाळणी तुंबायला दुसरीही कारणं असतात. इंजेक्टर नीट बंद होत नसेल तर डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी वाढते. धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह अडकला तरी वाढते. गाळणीच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारा सेन्सर चुकीचा आकडा देत असेल, तर वेळेवर रिजनरेशन सुरूच होत नाही. अशा वेळी तुंबलेली गाळणी हा परिणाम असतो, मूळ दोष दुसरीकडे असतो आणि तो बनावटीचा असू शकतो. भाग तोच आणि डॅशबोर्डवरचा दिवाही तोच. एका कारणाने बिल मालकाचं होतं, दुसऱ्या कारणाने कंपनीचं. ‘डीपीएफ धरलेला आहे का?’ या प्रश्नाला सेल्समनने ‘हो’ म्हटलं असेल आणि ते खरंही असेल, तरी त्या उत्तराने तुमच्या हाती काहीच आलेलं नसतं.

ही अडचण एका गाळणीपुरती नाही. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बुश, बल्ब हे भाग झिजणारच, म्हणून ते बहुतेक योजनांत सुरुवातीलाच वगळलेले असतात. त्यावर भांडण नाही. भांडण होतं ते मधल्या भागांवर. शॉकअप गळायला लागला तो सील कच्ची होती म्हणून, की खड्ड्यांत आपटून? टर्बो गेला तो बेअरिंगमधल्या दोषाने, की ऑइल उशिरा बदललं म्हणून? एसीच्या कूलिंग कॉइलला भोक पडलं ते बनावटीतल्या उणिवेने, की बाहेरच्या दमट हवेने गंजून? कोकणात आणि मुंबईत ही शेवटची शंका नेहमी निघते. प्रत्येक ठिकाणी दोन्ही उत्तरं शक्य असतात, आणि योजनेचा खरा कस तिथे लागतो.

आता चौथ्या, पाचव्या, सहाव्या वर्षाकडे येऊ, कारण एक्स्टेंडेड वॉरंटी विकली जाते ती या वर्षांसाठी. यंत्रांच्या बिघाडाचा एक साधारण आलेख असतो. नवी वस्तू पहिल्या काही महिन्यांत थोडी जास्त बिघडते, कारण कारखान्यात राहून गेलेल्या उणिवा वापर सुरू होताच उघड्या पडतात. एखादं कच्चं सोल्डर, बसवताना चेमटलेली सील, नीट न बसलेला कनेक्टर. ते निस्तरले की बराच काळ शांततेचा जातो. मग वय वाढतं, रबर कडक होतं, बेअरिंगं सैल होतात आणि बिघाड पुन्हा वाढायला लागतात. गाडीबरोबर फुकट मिळणारी स्टँडर्ड वॉरंटी पहिला टप्पा सांभाळते. पैसे मोजून घेतलेली वॉरंटी सुरू होते तेव्हा बनावटीचे दोष बहुतेक निघून गेलेले असतात आणि झीज सुरू झालेली असते. आणि झीज तर कागदाने वगळलेली. ओसरलेली जोखीम कंपनीकडे द्यायची आणि वाढत चाललेली स्वतःकडे ठेवायची, असा हा व्यवहार होऊ शकतो. योजना विकणाऱ्याने हे लपवलेलं असतं असं नाही, कागदावर ते लिहिलेलं असतं. पण मांडणीच अशी असते की वर्षांचा आकडा आधी दिसतो.

मग ही योजना घेऊच नये का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारणही पुन्हा ‘कशामुळे’मध्येच आहे. काही दोष कारखान्यातलेच असतात, पण उघडे पडायला वर्षं घेतात. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या ड्राय-क्लच डीएसजी (ड्युअल क्लच) गिअरबॉक्सचं प्रकरण याचं ठळक उदाहरण आहे. तक्रारी वाढल्यावर कंपनीने २०१२ मध्ये चीनमध्ये या गिअरबॉक्सची वॉरंटी १० वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत वाढवली. नोव्हेंबर २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून गिअरबॉक्समधलं सिंथेटिक ऑइल काढलं आणि त्याजागी मिनरल ऑइल भरलं. उष्ण, दमट हवामानात आणि रांगत्या ट्रॅफिकमध्ये त्या सिंथेटिक ऑइलमुळे आतल्या विजेच्या जोडण्यांत बिघाड होत होता. हा दोष पहिल्या महिन्यात दिसणारा नव्हता. तापमान, वाहतूक आणि काळ या तिन्हींनी मिळून तो वर आणला. आपल्या शहरांचं वर्णन याहून वेगळं नाही.

आजच्या गाडीत असे भाग वाढत चालले आहेत. ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारा मेकॅट्रॉनिक्स संच, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा कॉलम, टर्बो, हाय-प्रेशर पंप, चालकाला मदत करणाऱ्या एडीएएस यंत्रणेचा रडार, दहा इंचांचा टचस्क्रीन, इंजिनचा संगणक म्हणजे ईसीएम. हे बहुतेकदा हळूहळू झिजत नाहीत, चालता चालता एकदम बंद पडतात. आणि पूर्वी गॅरेजमध्ये मिस्त्री जसा एखादा बुश बदलून काम भागवायचा तसं इथे होत नाही. वर्कशॉप अख्खा संच बदलतं. त्यामुळे साध्या मॅन्युअल गिअरच्या, टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल गाडीला एक्स्टेंडेड वॉरंटीची गरज कमी आणि टर्बो, ऑटोमॅटिक, पडद्यांनी भरलेल्या एसयूव्हीला ती बरीच जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांसाठीही उत्तर वेगळं येऊ शकतं. दोन कंपन्यांच्या योजना शेजारी ठेवण्याआधी आपल्या गाडीत एकदम बंद पडणारे भाग किती आहेत, हे मोजलेलं बरं.

वर्षं आणि किलोमीटर यांचं गणित त्या मानाने सोपं आहे, फक्त ते आपल्या वापरावर करायचं. मारुती सुझुकीने जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांची स्टँडर्ड वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटर केली, आणि पैसे भरून ती ६ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत नेता येते. जे आधी संपेल ते. सहा वर्षांत १,६०,००० म्हणजे वर्षाला साधारण २६,७००. नाशिकमधले निवृत्त गृहस्थ वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर चालवत असतील तर ही मर्यादा त्यांच्या कधीच आड येणार नाही, त्यांनी फक्त वर्षं पाहावीत. औषध कंपनीचा प्रतिनिधी कोल्हापूर, सांगली, सोलापूर करत वर्षाला चाळीस हजार चालवत असेल, तर त्याची सहा वर्षांची वॉरंटी चार वर्षांत संपते. त्याला ‘अमर्याद किलोमीटर’ असलेली योजना महाग वाटली तरी परवडेल. होंडासारख्या कंपन्या स्टँडर्ड वॉरंटीतही किलोमीटरची मर्यादा ठेवत नाहीत, ती गोष्ट अशा माणसासाठी मोलाची आहे. गाडी टॅक्सी म्हणून लावायची असेल तर मात्र अटी वेगळ्या असतात, त्या वेगळ्या वाचाव्या लागतात.

आता कारणाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. गाडीच्या आयुष्यात दोन मोठे कागद असतात, वॉरंटी आणि विमा, आणि दोन्ही मिळून सगळं झाकलं जातं असा अनेकांचा समज असतो. विम्याची पॉलिसी उघडून पाहा. त्यात झीज, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि परिणामी नुकसान वगळलेलं असतं. वॉरंटीचा कागद उघडा, त्यात अपघात, पूर, आग आणि बाहेरून झालेलं नुकसान वगळलेलं असतं. विमा बाहेरच्या कारणाला आहे आणि वॉरंटी आतल्या कारणाला. दोन्हींच्या मध्ये एक पट्टा उघडा राहतो, आणि आपल्याकडे तो पावसाळ्यात दिसतो.

मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात गाडी घातली, इंजिनने हवेच्या वाटेने पाणी ओढलं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. वॉरंटी म्हणते, हे बाहेरचं कारण. विमा म्हणतो, पाणी शिरून आतली सीटं आणि वायरिंग खराब झालं ते देऊ, पण पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करायला गेल्यामुळे मोडलं, ते परिणामी नुकसान. या फटीसाठी विमा कंपन्या ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाची जोडपॉलिसी वेगळी विकतात. घाटात दगड लागून चेंबर फुटला, ऑइल सांडलं आणि गाडी तशीच पुढे चालवल्यामुळे इंजिन जाम झालं, तर तेही याच पट्ट्यात येतं. उंदरांनी वायरी कुरतडल्या तर तो प्रश्न पुन्हा विम्याच्या अटींकडे जातो, वॉरंटीकडे नाही. म्हणून वॉरंटीची तुलना वॉरंटीशीच करून भागत नाही. मुंबईत, चिपळूणमध्ये, सांगलीत राहणाऱ्याने एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे भरताना आधी इंजिन प्रोटेक्ट घेतलं आहे का ते पाहावं. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर नदीकाठच्या माणसाला मी आधी तीच जोडपॉलिसी घ्यायला सांगेन.

सगळ्यात नाजूक प्रश्न उरतो तो हा की कारण ठरवतं कोण. योजनेत कितीही चांगलं लिहिलेलं असो, निर्णय वर्कशॉपच्या काउंटरवर सुरू होतो. सर्व्हिस ॲडव्हायझर जॉबकार्ड बनवतो, स्कॅनर लावून कोड काढतो, फोटो घेतो आणि क्लेम कंपनीकडे पाठवतो. कंपनीचा एरियाचा माणूस मंजुरी देतो किंवा देत नाही. गाडीतला डेटा वाचणारं यंत्र त्यांचंच असतं, तो समजावून सांगणारा माणूस त्यांचा असतो आणि नवा भाग द्यायचा खर्चही त्यांच्याच माथी असतो. यात कुणाची नियत वाईट असते असं मला म्हणायचं नाही. पण पैसे देणाराच कारण ठरवतो तेव्हा शंकेचा फायदा ग्राहकाला मिळेल ही अपेक्षा कमीच ठेवावी.

इथे दोन गोष्टी हातात असतात. जॉबकार्डवर तक्रार आपल्या शब्दांत, लक्षणांसकट लिहून घ्यायची. ‘गिअरबॉक्स चेक करणे’ असं लिहिलेलं जॉबकार्ड काही कामाचं नाही. ‘थंड गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना धक्का बसतो, घाटात चढताना दोनदा गिअर सुटला’ असं लिहिलं असेल तर पुढच्या सगळ्या भांडणाला ते आधार देतं, कारण दोष कधीपासून आणि कोणत्या स्थितीत दिसत होता याची तारीखवार नोंद तिथे राहते. दुसरी गोष्ट गाडी उघडण्यापूर्वीची. इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलून पाहिल्याशिवाय कारण कळत नाही, आणि खोलायला ग्राहकाची संमती लागते. क्लेम नाकारला तर खोलण्या-बांधण्याची मजुरी ग्राहकाकडून घेतली जाते. ही मजुरी किती, आणि नाकारण्याचं कारण अटीच्या क्रमांकासह लेखी मिळेल का, हे संमतीवर सही करण्याआधी विचारावं. लेखी नकार देताना लिहिणाऱ्याला कारण नेमकं सांगावंच लागतं, आणि त्यामुळे कितीतरी तोंडी नकार मागे घेतले जातात.

योजनांमधला मोठा फरक तर वगळण्याच्या वाक्यरचनेत सापडतो. काही कागदांवर लिहिलेलं असतं की बाहेर सर्व्हिस केली, बाहेरचं साहित्य बसवलं, तर वॉरंटी रद्द. दुसऱ्या काहींवर असतं की अशा कामामुळे झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. दोन्ही वाक्यं एकाच अर्थाची वाटतात, पण एकाने सगळी वॉरंटी जाते आणि दुसऱ्याने फक्त त्या कारणाचं नुकसान जातं. गल्लीतल्या दुकानात रिव्हर्स कॅमेरा बसवला, दुकानदार म्हणाला ‘कपलर टू कपलर, वायर कट नाही’, आणि तरी एक वायर कापलेली निघाली. पहिल्या कागदानुसार पुढच्या वर्षीचा टर्बोचा क्लेमही धोक्यात येतो. दुसऱ्यानुसार वायरिंगचा क्लेम बसणार नाही, टर्बोचा बसेल, कारण कॅमेऱ्याचा टर्बोशी संबंध नाही. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचंही तेच. इंजिनाशी त्याचा संबंध जोडता येतो, टचस्क्रीनशी नाही.

यावर आपल्याकडे एक महत्त्वाचा आदेश झालेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या विक्रीवर निर्बंध ठेवल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या आदेशात वॉरंटीबद्दलही स्पष्ट म्हटलं होतं की स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती रद्द करता येईल. पुढे त्यावर अपिलं झाली, पण आयोगाने मांडलेला विचार मला शंभर टक्के पटतो. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याने हीच दिशा घेतली होती. अट मोडली म्हणून शिक्षा करणं आणि अट मोडल्यामुळे नुकसान झालं म्हणून ते न देणं, यांत नैतिक फरक आहे. सर्व्हिसला पंधरा दिवस उशीर झाला म्हणून टचस्क्रीनचा क्लेम नाकारणाऱ्या योजनेला मी कितीही स्वस्त असली तरी चांगली म्हणणार नाही. आणि तरीही, सर्व्हिस वेळेवर करावी, बिलं आणि ऑइलच्या पावत्या जपून ठेवाव्यात. कारण सिद्ध करायची वेळ आली की आपल्याजवळ तेवढाच पुरावा असतो.

वाद टोकाला गेला तर ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि वस्तूतला दोष नुसता पाहून ठरवता येत नसेल तर आयोग ती तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणजे तिथेही पहिला प्रश्न कारणाचाच. अपेक्षा मात्र माफक ठेवाव्यात. क्लचच्या तक्रारीवरून झालेल्या मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटलं की वॉरंटीखाली कंपनीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे, गाडी बदलून देण्याची नाही. लहान वादासाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणं सोपं पडतं.

योजना विकतं कोण, हेही कारणाच्याच प्रश्नाशी जोडलेलं आहे. कंपनीची स्वतःची एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर देशातल्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते आणि कंपनीला आपल्या नावाची थोडी तरी काळजी असते. मुदत नुकतीच संपल्यावर गेलेल्या भागासाठी ‘गुडविल’ म्हणून अर्धा खर्च उचलण्याचा प्रकारही तिथेच घडतो. तिसऱ्या संस्थेची योजना स्वस्त मिळते, पण तिच्यात प्रत्येक क्लेमची कमाल मर्यादा, ग्राहकाने उचलायचा हिस्सा, जुन्या भागाऐवजी नवा मिळाला म्हणून केलेली कपात, आधी खिशातून भरून मग मागण्याची अट, असं बरंच काही असतं. जुनी गाडी घेताना मिळणारी वर्षभराची वॉरंटी याच जातीची. तिच्या कागदात ‘आधीपासून असलेला दोष’ हे शब्द शोधावेत. आधीपासून होता की नंतर झाला, हे सांगणारी तपासणी विकत घेतेवेळी झाली नसेल, तर त्या शब्दांखाली कुठलाही क्लेम नाकारता येतो.

फुकट दिलेली वॉरंटी आणि विकलेली वॉरंटी यांतही फरक आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, २००१ मध्ये त्याला मिळालेल्या नोबेलमागे तो निबंध होता. मालाची खरी प्रत विकणाऱ्याला माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा बाजार कसा बिघडतो हे त्यात दाखवलं आहे, आणि त्यावरचा एक उपाय म्हणून हमीचा उल्लेख आहे. ह्युंदाईने १९९८ मध्ये अमेरिकेत नेमकं हेच केलं. तिच्या गाड्यांच्या दर्जाबद्दल तिथे तेव्हा वाईट बोललं जात होतं. कंपनीने इंजिन आणि गिअरबॉक्सवर १० वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली. गाड्या खराब निघाल्या असत्या तर त्या खर्चात कंपनी बुडाली असती. म्हणून गाडीबरोबर काय फुकट मिळतं ते मी आधी पाहतो. कंपनीला आपल्या मालाबद्दल काय वाटतं हे तिथे कळतं. पैसे घेऊन वाढवलेल्या वर्षांत तेवढी खात्री नसते, त्यात सरासरीचा हिशेब असतो.

विजेवरच्या गाड्यांनी या सगळ्या विचारात एक नवी गोष्ट आणली आहे. बॅटरी वापराने क्षीण होतेच, म्हणजे ती शुद्ध झीज. जुन्या पद्धतीने पाहिलं तर ती वॉरंटीत बसायलाच नको. पण आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरच्या बॅटरी वॉरंटीत अनेक कंपन्या सांगतात की बॅटरीची क्षमता ठरावीक टक्क्यांच्या खाली, बऱ्याच ठिकाणी ७० टक्क्यांच्या खाली, गेली तर ती दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. नेहमीच्या वापरात ती कशामुळे घसरली हे ग्राहकाला सिद्ध करावं लागत नाही, आकडा पुरतो. २०२५ मध्ये टाटाने हॅरियर ईव्हीसह काही गाड्यांना, आणि त्याआधी महिंद्राने आपल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांना, बॅटरीवर ‘लाइफटाइम’ वॉरंटी दिली. टाटाच्या कागदात लाइफटाइम म्हणजे नोंदणीपासून १५ वर्षं, आणि लाभ पहिल्या खासगी मालकाला. गाडी विकायची झाली तर पुढच्या मालकाला काय उरतं, हे इथे किमतीइतकंच महत्त्वाचं आहे.

परिणामावर दिलेली हमी कारणावर दिलेल्या हमीपेक्षा ग्राहकासाठी केव्हाही भक्कम, असं मला वाटतं. पण ती टक्केवारी मोजणारं सॉफ्टवेअर पुन्हा कंपनीचंच असतं. त्यामुळे ईव्ही घेणाऱ्याने योजनेत क्षमतेचा आकडा किती दिला आहे, तो कोणत्या चाचणीने मोजणार आणि त्या चाचणीचा छापील अहवाल मिळेल का, हे तीन प्रश्न बुकिंगपूर्वीच ई-मेलवर विचारून उत्तर मागून घ्यावं, आणि मग दर वर्षीच्या सर्व्हिसला बॅटरीच्या क्षमतेचा कागद मागून फाइलला लावत जावा.